आमच्या पत्र्यावर ऊन पडत नाही का?

गेल्या पौर्णिमेला विहारात वंदना आटोपली, खीर वाटून झाली आणि नेहमीप्रमाणे विजेच्या बिलाचा विषय निघाला. आमच्या विहाराच्या वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे. दहावी-बारावीची आणि स्पर्धा परीक्षांची मुले-मुली रात्री अकरापर्यंत तिथे बसतात. घरात दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे, त्यात टीव्ही चालू. अभ्यास करायचा कुठे? म्हणून ही सोय. पण चार पंखे आणि आठ ट्यूबचे बिल दानपेटीतून भागत नाही. मागे एकदा आमच्याच हलगर्जीपणाने बिल थकले आणि ऐन परीक्षेत चार दिवस लाईन तोडलेली राहिली. वर्गणी काढली, भरले, लाईन आली. पण त्या चार दिवसांत रस्त्यावरच्या दिव्याखाली पुस्तक घेऊन बसलेली पोरे आम्ही पाहिली आणि आमची मान खाली गेली.

तेव्हा या बैठकीत एका तरुणाने सुचवले, विहाराच्या स्लॅबवर सोलर बसवू या. सर्वांनी माना डोलावल्या. ठराव लिहायला आम्ही वही उघडली, तेवढ्यात मागच्या ओळीतल्या एक आजी म्हणाल्या, "विहारावर बसवा, चांगलंच आहे. पण आमचं काय? आमच्या पत्र्यावर ऊन पडत नाही का?"

लोक हसले. आम्हीही हसलो. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न पाठ सोडीना. आम्ही कारकून माणसे. भाषणापेक्षा खतावणी आम्हांला जास्त कळते. म्हणून महिनाभर कागद जमवले, कचेऱ्यांत चौकशी केली, हिशेब मांडला. तो या पानांतून समाजबांधवांपुढे आणि विशेषतः भगिनींपुढे ठेवत आहोत, कारण विजेचे बिल बहुतेक घरांत त्यांच्याच डब्यातल्या पैशांतून भरले जाते.

छत असेल त्याला अनुदान

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर मोफत बिजली योजना' सुरू केली. एक कोटी घरांवर सौर पॅनेल बसवायचे हे उद्दिष्ट आणि त्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद. एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळते. महाराष्ट्र शासनाने २०२५ साली यावर आपली भर घातली. दारिद्र्यरेषेखालील आणि महिना १०० युनिटांच्या आत वीज वापरणाऱ्या मिळून पाच लाख ग्राहकांसाठी ही योजना आहे. त्यात एक किलोवॅटचा खर्च ५०,००० धरून दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला स्वतःचे २,५०० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबाला ५,००० रुपये भरावे लागतात. ज्यांची पक्की घरे आहेत अशा आमच्या बांधवांनी ही संधी सोडू नये. एक किलोवॅटचे संच दिवसाला सरासरी चार युनिट, म्हणजे महिन्याला सव्वाशेच्या आसपास युनिट देतात. लहान कुटुंबाची गरज त्यात भागते. अर्ज करण्यापूर्वी चालू अटी वीज कंपनीच्या कार्यालयात एकदा पडताळून घ्याव्यात, एवढेच.

पण यात मेख आहे. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट सावली नसलेली, भक्कम जागा लागते. एकेक पॅनेल वीस-बावीस किलोचे, शिवाय वाऱ्याचा जोर. पत्र्याचे, कौलाचे छप्पर ते पेलेलच असे नाही. आणि पेलले तरी छत स्वतःच्या नावावर हवे. झोपडपट्टीत जागा कोणाच्या नावावर असते? चाळीत गच्ची मालकाची. भाड्याच्या खोलीत तर भिंतीला खिळा मारायचा म्हटले तरी घरमालकाला विचारावे लागते. म्हणजे ज्याच्याकडे घर, जागा आणि गच्ची आहे, त्याला आणखी एक लाभ. आणि ज्याच्याकडे यांपैकी काहीच नाही, तो होता तिथेच. योजना करणाऱ्यांच्या मनात काळेबेरे होते असे आम्ही म्हणत नाही. पण आमच्या समाजाला हे चित्र नवे नाही.

त्यातही भाडेकरूची तऱ्हा पाहा. आमच्या ओळखीच्या एका घरमालकाच्या चार खोल्या आहेत आणि मीटर एकच. प्रत्येक खोलीचा वापर महिना ८० युनिट. महाराष्ट्रात घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढतात. पहिल्या १०० युनिटांचा दर सर्वांत कमी, पुढच्या टप्प्याचा बराच जास्त. चौघांचे मीटर वेगवेगळे असते तर चौघेही स्वस्त टप्प्यात बसले असते. एका मीटरवर ३२० युनिट झाले, म्हणजे बहुतेक वीज महाग टप्प्यात गेली. त्यावर मालक आपला 'वरखर्च' लावतो आणि पोटमीटरवर युनिटला बारा रुपये घेतो. बंगल्यातल्या माणसाने पॅनेल बसवून बिल शून्यावर आणले आणि त्याच गल्लीतली धुणीभांडी करणारी मावशी युनिटला बारा रुपये मोजते आहे, हे आम्ही डोळ्यांनी पाहतो.

तारेविना वाटप

मग एकाच मोठ्या छतावरची वीज अनेक घरांना वाटता येते का? येते, आणि त्यासाठी घराघरांत नवी तार ओढावी लागत नाही. ही पद्धत समजली तेव्हा आम्हांला आमच्या बी.कॉम.च्या पुस्तकांची आठवण झाली, कारण हा सारा जमा-नावेचा खेळ आहे. शाळा, समाजमंदिर, पाण्याची टाकी अशा एका जागी संच बसतो. त्याची वीज सरळ कंपनीच्या वाहिनीत जाते आणि तिथल्या मीटरवर मोजली जाते. सभासद घरे आपापल्या मीटरवर नेहमीसारखी वीज वापरतात. महिनाअखेर संचाने दिलेले युनिट ठरलेल्या टक्क्यांनी प्रत्येकाच्या बिलात जमा होतात. ऊन दिवसा आणि दिवा रात्री, ही अडचणही त्यात सुटते; दिवसा जमा केले, रात्री काढले. इंग्रजीत याला 'व्हर्च्युअल नेट मीटरिंग' म्हणतात. आम्ही आमच्या बैठकीत त्याला 'वाट्याचे मीटर' हे नाव दिले आहे. ते सर्वांना लगेच कळते.

दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने २०१९ सालीच यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. सूर्यघर योजनेच्या जून २०२४ च्या नियमावलीतही अशा पद्धतीने बसवलेल्या घरगुती संचांना अनुदानास पात्र धरले आहे. म्हणजे दार बंद नाही. पण उघडे आहे म्हणावे, तर आमच्या वस्तीतल्या एकानेही त्यातून पाऊल टाकलेले नाही. आम्ही एका कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या गृहस्थांनी "असा फॉर्म आमच्याकडे आलेला नाही" एवढेच सांगितले. त्यांचा दोष नाही. वरून कोणी मागितलाच नसेल तर येणार कोठून?

वाचकांना १९२३ सालचा बोले ठराव आठवत असेल. मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद तयार होता. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी पिईपर्यंत तो कागदच होता. उन्हाची आणि तळ्याची सरसकट तुलना आम्ही करीत नाही. तिथे माणुसकीचा प्रश्न होता आणि आमच्या लोकांची डोकी फुटली. पण कागदावरचा हक्क आणि ओंजळीतला हक्क यांत किती अंतर असते, हे ज्या समाजाने महाडला शिकले, त्याने खिडकीवरून परत यावे हे आम्हांला पटत नाही.

बाबासाहेब आणि वीज

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, हे सर्वांस ठाऊक आहे. वीज हे त्यांचेच खाते होते, हे मात्र जयंतीच्या भाषणांत क्वचितच येते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी विजेच्या धोरणसमितीपुढे त्यांनी भाषण केले. वीज खासगी मालकीची असावी की सरकारी, सरकारी असल्यास केंद्राची की प्रांतांची, असे प्रश्न त्यांनी तिथे मांडले. वीज मुबलक हवी आणि स्वस्तही हवी. गरिबीच्या फेऱ्यातून देश बाहेर काढायचा तर उद्योग हवेत आणि उद्योगांना स्वस्त वीज हवी, हा त्यांचा विचार. पुढच्याच वर्षी, १९४४ साली, केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळ स्थापन झाले. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये त्यांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत असे सांगितले. त्यांच्या काळात विजेचे कारखाने प्रचंड असत, म्हणून मालकीचा प्रश्न सरकार की भांडवलदार एवढाच होता. आज पाचशे चौरस फुटांवर वीज तयार होते. तेव्हा मालकाच्या जागी चाळ, वस्ती, बचत गट, विहार समिती यांचेही नाव लिहिता येते.

वीजजोडणीच्या बाबतीत त्यांच्या नावाची एक योजनाही येऊन गेली. 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना' महावितरणने १४ एप्रिल २०२१ पासून राबवली. अनुसूचित जाती-जमातीच्या अर्जदाराला ५०० रुपये अनामत भरून, तीही पाच हप्त्यांत, घरगुती जोडणी मिळत होती. ती मुदतीची होती. मुदत संपत आल्यावर आमच्या वस्तीतल्या अनेकांना तिचा पत्ता लागला.

जिथे झाले आणि जिथे फसले

तामिळनाडूत कोइमतूर जिल्ह्यात ओडन्थुराई नावाची ग्रामपंचायत आहे. तिने २००६ साली सुमारे १ कोटी ५५ लाखांची, ३५० किलोवॅटची पवनचक्की घेतली. काही रक्कम पंचायतीच्या शिलकीतून, बाकी बँकेचे कर्ज. गावाची गरज भागून उरलेली वीज तिने राज्याच्या मंडळाला विकली आणि त्यातून कर्ज फेडले. ग्रामपंचायत वीज कंपनीची ग्राहक असते हे आपण पाहतो. ग्रामपंचायतीने कंपनीला बिल लावावे, हे आम्हांला फार आवडले.

गुजरातेत मोढेरा गावात हजाराहून अधिक घरांवर एकेक किलोवॅटचे संच बसले आणि शेजारी सहा मेगावॅटचे केंद्र उभे राहिले. ऑक्टोबर २०२२ मध्ये ते सौरग्राम म्हणून जाहीर झाले. आपल्याकडे सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यातल्या मान्याचीवाडीला २०२४ साली राज्यातले पहिले सौरग्राम हा मान मिळाला. सरकारने मनावर घेतले तर अख्खे गाव होते, एवढे यातून दिसते. गुजरातेतच खेडा जिल्ह्यात धुंडी गावी २०१६ साली सहा शेतकऱ्यांनी सौरपंपांची सहकारी मंडळी काढली. पाणी उपसून उरलेली वीज ते कंपनीला विकतात. उत्तम काम आहे. पण त्या मंडळीत शिरायचे तर आधी शेत आणि पंप हवा. भूमिहीनाने काय करावे, याचे उत्तर तिथे नाही. सहकार म्हटले की सर्वांचे झाले, असे समजण्याची चूक आपण साखर कारखान्यांच्या राज्यात तरी करू नये.

सर्वांत जास्त शिकवले ते बिहारमधील धरनईने. जहानाबाद जिल्ह्यातले हे गाव तीसेक वर्षे अंधारात होते. २०१४ साली तिथे एका पर्यावरणवादी संस्थेने १०० किलोवॅटचे सौरकेंद्र उभारले आणि सुमारे ४५० घरांत दिवे लागले. वर्तमानपत्रांत कौतुक झाले. पण उद्घाटनाच्या वेळीच गावकऱ्यांनी मागणी केली, आम्हांला नकली वीज नको, असली वीज हवी! कारण या विजेवर फ्रीज लावायचा नाही, जास्त भार टाकायचा नाही, आणि दर मात्र सरकारी विजेपेक्षा चढा. लवकरच गावात सरकारी वाहिनी आली. केंद्राच्या बॅटऱ्या काही वर्षांत संपल्या, बदलायला पैसा नाही, केंद्र बंद पडले. तिथे गुरे बांधली जातात, असे पुढे छापून आले.

आम्हांला यात गावकऱ्यांचा अडाणीपणा दिसत नाही. शहराला हवी तेवढी वीज आणि गरिबाला दोन दिवे व मोबाइलपुरती 'हरित' वीज, ही वाटणी त्यांनी नाकारली. आम्हीही नाकारू. वाट्याचे मीटर हवे ते सर्वांना मिळते त्या विजेच्या जोडीला, तिच्या जागी नव्हे. दुसरे असे, की बॅटरी, इन्व्हर्टर, दुरुस्ती यांचा निधी पहिल्या दिवसापासून बाजूला पडला नाही तर पॅनेल शोभेचे होतात. इन्व्हर्टर आठ-दहा वर्षांत बदलावा लागतो. पॅनेल पंचवीस वर्षे चालतात, पण धूळ पुसली तर.

आमचा हिशेब

आता आमच्या विहाराचे. स्लॅब ६०० चौरस फूट. टाकी आणि जिना सोडून ५०० चौरस फूट मिळतात, म्हणजे पाच किलोवॅट, महिना साधारण ६०० युनिट. विहार आणि अभ्यासिकेला १२० पुरेत. उरले ४८०. भोवतालची पत्र्याची घरे चोवीस. प्रत्येकाच्या वाट्याला २० युनिट येतात. वीस युनिट म्हणजे काय? नऊ वॅटचे दोन दिवे रोज सहा तास आणि एक पंखा आठ तास. फार नाही, पण आजींच्या घरात तेवढेच आहे.

खर्च जास्तीत जास्त तीन लाख धरला. विहाराचा वाटा एक पंचमांश, म्हणजे ६०,००० रुपये. उरलेले २ लाख ४० हजार चोवीस घरांत वाटले तर घरटी १०,००० रुपये होतात. महिना ४०० प्रमाणे पंचवीस हप्ते. युनिटला सहा रुपये वाचले तर महिन्याला १२० रुपये बचत, म्हणजे पैसे फिटायला सातएक वर्षे. अनुदान मिळाले तर मुदत बरीच कमी होईल. मात्र अनुदान घरगुती ग्राहकाला आहे; विहाराची जोडणी घरगुती नाही. छत विहाराचे आणि ग्राहक चोवीस, तर अनुदान कोणाच्या नावे? हा प्रश्न आम्ही लेखी विचारला आहे, पोच घेतली आहे, उत्तराची वाट पाहतो आहोत. तोंडी विचारू नये. तोंडी प्रश्नाला जावक क्रमांक नसतो.

बैठकीत खरा वाद झाला तो वेगळाच. सहा घरांना महिना ४०० जमणार नाहीत. एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "जो भरेल त्याला युनिट. बँकेत काय, संस्थेत काय, नियम तोच." त्यांचे म्हणणे हिशेबाला धरून होते. आम्ही उठून सांगितले, की दादा, हाच नियम सूर्यघर योजनेला लावला म्हणून तर आपण इथे बसलो आहोत. आवाज चढले. शेवटी महिला बचत गटाच्या अध्यक्षा ताईंनी तोड सुचवली. या सहा घरांचे पैसे गटाने आधी भरावेत. बिलात दरमहा वाचणाऱ्या १२० रुपयांतले १०० त्यांनी गटाला परत करावेत, शंभर महिने. गट व्याज घेणार नाही. "पैसे बुडाले तर?" या प्रश्नाला ताईंनी उत्तर दिले, "अकरा वर्षांत आमच्या गटाचा एक रुपया बुडाला नाही. विहाराच्या वर्गणीचं काय ते तुम्ही सांगा." पुरुषमंडळी गप्प झाली. चिटणीस या नात्याने आम्हीही.

संचाची देखभालही गटाकडेच द्यावी असे आमचे मत आहे. बाया पॅनेल पुसतील, इन्व्हर्टर कोण पाहणार, अशी शंका निघाली. राजस्थानात डूंगरपूर जिल्ह्यात आदिवासी भगिनींनी आय.आय.टी. मुंबईच्या साहाय्याने २०१७ साली स्वतःची कंपनी काढली. त्या पॅनेल नुसते पुसत नाहीत, तयार करतात.

राहिले भाडेकरू. चोवीस घरांत पाच भाड्याची आहेत आणि सर्वांत महाग वीज तीच घेतात. वाटा मात्र त्यांना देता येत नाही, कारण स्वतःचे मीटर नाही. इथे एक कलम सर्वांनी पाठ करावे. वीज कायदा २००३, कलम ४३. जागेचा मालक किंवा भोगवटादार, कोणीही अर्ज केला तरी वीज पुरवणे कंपनीवर बंधनकारक आहे. भोगवटादार म्हणजे राहणारा. भाडेपावती, रेशनकार्ड असे राहत असल्याचे पुरावे जपून ठेवावेत. त्या मावशींनी अर्ज भरला आहे. घरमालकाने खोली रिकामी करायला सांगितले तर काय, ही धास्ती त्यांना आहे आणि ती खोटी नाही. म्हणून पाचही अर्ज एकाच दिवशी द्यायचे आणि सोबत समितीचे चौघे जायचे, असे ठरले.

पुढच्या बैठकीला प्रत्येक घराने गेल्या बारा महिन्यांची बिले आणावीत असे सांगितले होते. ती आली. आम्ही रात्री पसरून बसलो, तर भाड्याची पाच घरे वजा जाता उरलेल्या एकोणीस बिलांपैकी फक्त नऊ हयात माणसांच्या नावावर निघाली. बाकीच्यांत कोणाचे आजोबा, कोणाचे सासरे. एक बिल तर ज्याने झोपडी विकून गाव गाठले त्याच्या नावावर, वीस वर्षे. नाव बदलल्याशिवाय वाट्याचे मीटर लागणार नाही. तेव्हा येत्या रविवारी सकाळी दहापासून विहारात नाव बदलण्याचे अर्ज भरून दिले जातील. मृत्यूचा दाखला, जुने बिल आणि आधार कार्डाच्या दोन प्रती आणाव्यात. झेरॉक्सचा खर्च दानपेटीतून होईल. आजींचे बिल त्यांच्या यजमानांच्या नावावर आहे. त्यांचा दाखला गावाकडच्या ग्रामपंचायतीत आहे आणि तो आणायला आमचा धाकटा शनिवारच्या एस.टी.ने जाणार आहे.